घरचे आरोग्य : घेतले, की राहिले?



ज्या घरात कुणाला साखरेचा आजार आहे आणि रोज इन्सुलिन टोचावे लागते, त्या घरात एक प्रश्न ठरलेला असतो. "सकाळचे घेतले का?" समोरचा माणूस हातातले काम थांबवतो, वर आढ्याकडे पाहतो आणि म्हणतो, "घेतले असेल." या 'असेल'विषयी आज तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

शेतात युरिया टाकला की नाही, हे कुणी 'असेल' म्हणून सांगत नाही. रिकामी गोणी पडवीत पडलेली असते. डेअरीला दूध घातले की नाही, तेही पुस्तकात लिटरनिशी लिहिलेले असते. इन्सुलिनची अशी खूण मागे राहात नाही. सुई केसासारखी बारीक, टोचल्या जागी डाग नाही, आणि बाटलीतले औषध काल होते तेवढेच आज दिसते. त्यातून गोष्ट रोजची. रोज त्याच वेळी, त्याच जागी बसून, त्याच हाताने केलेले काम मन वेगळे जपून ठेवीत नाही. कालची आठवण आजच्या आठवणीत मिसळते. गोठ्याची कडी घातली का, हे अंथरुणावर पडल्यावर आठवत नाही, तसेच हे. म्हणून विसरला तो म्हातारा झाला, असे कुणी समजू नये. तिशीतला धडधाकट गडीसुद्धा विसरतो.

दिवसातून दोनदा टोचणाऱ्याच्या वाट्याला वर्षाला ७३० इंजेक्शने येतात. एलिझाबेथ ह्यूज नावाची अमेरिकेतल्या एका मंत्र्याची मुलगी होती. १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिला टोरोंटोला बँटिंग या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा ती पंधरा वर्षांची व्हायची होती आणि वजन जेमतेम वीस किलो उरले होते. इन्सुलिनचा शोध तिथेच आदल्या वर्षी लागला होता. त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून दिवस ढकलणे एवढाच उपाय असे. ही मुलगी वाचली, संसार केला, १९८१ पर्यंत जगली. साऱ्या जन्मात तिने सुमारे ४२ हजार वेळा सुई टोचून घेतली असे सांगतात. त्यातली कालची कोणती आणि आजची कोणती, हे नुसत्या डोक्यात कोण ठेवू शकेल?

इन्सुलिन राहिले तर काय होते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. साखर चढते, घसा कोरडा पडतो, लघवीला सारखे जावे लागते, अंग गळून जाते. मोठ्या माणसाचे एखाद्या वेळी राहिले तर लगेच काही बिघडल्यासारखे दिसत नाही आणि तिथेच फसगत होते. आठवड्यातून दोनदा राहू लागले तरी वरून कळत नाही, पण डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांची झीज आत चालूच असते. ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही त्यांची गोष्ट निराळी. त्यांचे एक-दोन दिवस जरी पुरते राहिले तरी पोटदुखी, उलट्या, धाप, श्वासाला पिकल्या फळासारखा वास, असे होऊन जिवावर बेतते.

दोनदा घेतले गेले, तर मात्र वर्षांची वाट पाहावी लागत नाही. काही तासांतच साखर खाली येऊ लागते. हात थरथरतात, छाती धडधडते, घाम सुटतो, भुकेने जीव कासावीस होतो, मग भान जाते. रात्रीचे इन्सुलिन दोनदा झाले असेल तर हे सारे झोपेत घडते आणि घरातल्यांना सकाळपर्यंत कळतही नाही.

आपल्या पालघर-डहाणूकडे यात आणखी एक भर आहे. ताडी-माडी इकडे परकी नाही. साखर उतरलेला माणूस अडखळत चालतो, जीभ जड होते, विचारले तर भलतेच उत्तर देतो, चिडतो, घामाने निथळतो. असा माणूस बोईसर स्टेशनाबाहेर बसलेला दिसला की येणारेजाणारे म्हणतात, "सकाळीच चढवून आलाय, पडू दे." तो पिऊन आलेला नसतो, त्याला तीन चमचे साखरेची गरज असते. आणि खरोखरच ताडी घेतली असेल तर धोका वाढतो, कमी होत नाही. उपाशीपोटी मद्य पोटात गेले की यकृत साठवणीतली साखर नीट सोडत नाही. म्हणून इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर स्वतःचे नाव, घरचा फोन, आणि 'मला मधुमेह आहे, मी इन्सुलिन घेतो' एवढे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावे. सोबत साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची पावडर असावी.

आता मुख्य नियम सांगतो. घेतले की नाही अशी शंका असेल, तर दुसऱ्यांदा टोचू नये. आधी बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर पाहावी, थोड्या वेळाने पुन्हा पाहावी, आणि आपल्या डॉक्टरांना फोन करावा. राहिलेला डोस पुढच्या डोसात मिळवून दुप्पट घेणे हाही तितकाच घातकी प्रकार. कुठल्या जातीचे इन्सुलिन किती उशिरापर्यंत घेतले तर चालते, हे प्रत्येकाचे वेगळे असते. जेवणाआधीचे जलद इन्सुलिन, मिश्र इन्सुलिन आणि दिवसभर पुरणारे इन्सुलिन यांना एकच माप लावता येत नाही. पुढच्या खेपेला दवाखान्यात जाल तेव्हा स्पष्ट विचारा, "डॉक्टरसाहेब, माझे सकाळचे राहिले आणि अकरा वाजता आठवले तर काय करू? रात्रीचे राहिले आणि झोपताना आठवले तर?" उत्तर वहीच्या पहिल्या पानावर तिथेच बसून लिहून घ्या.

दोनदा टोचले गेले अशी खात्रीच झाली, तर झोपायचे नाही. काहीतरी खावे, साखर तासातासाने पाहावी, डॉक्टरांना कळवावे, आणि घरातल्या एकाने जागे राहावे. साखर ७० च्या खाली दिसली, किंवा यंत्र हाताशी नसताना थरथर-घाम सुरू झाला, तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, उतरलेलीच असेल तर पुन्हा द्यावी, मग भाकरी-भात काही पोटात घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन लावावा.

'वही ठेवा' असे डॉक्टर सांगतात आणि आपण मान डोलावून घरी येतो. वही चार दिवस चालते, पाचव्या दिवशी नातवाच्या दप्तरात जाते. त्यापेक्षा जी गोष्ट घरात आधीपासून चालू आहे तिचाच आधार घ्यावा. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढले. तेव्हापासून मराठी घरातल्या बायका तारखेच्या चौकोनात दुधाचा रतीब, सिलिंडर लागल्याचा दिवस, मोलकरणीचे खाडे लिहीत आल्या आहेत. म्हैस कोणत्या तारखेला भरवली, हेही तिथेच सापडते. त्याच चौकोनात सकाळी 'स २०' आणि संध्याकाळी 'सं १२' एवढे लिहायला किती वेळ लागतो? दोऱ्याने पेन्सिल दिनदर्शिकेलाच बांधून ठेवावी. पेन्सिल शोधायला उठले की लिहायचे राहिलेच म्हणून समजा.

लिहायचे कधी, हे महत्त्वाचे. सुई बाहेर काढल्यावर, ताबडतोब, जेवणाचे ताट पुढे ओढण्याच्या आधी. टोचण्यापूर्वी लिहून ठेवू नये. लिहिले आणि तेवढ्यात दारात कुणी आले, गाय सुटली, फोन वाजला, की खूण राहते आणि औषध राहून जाते. आणि ज्याने टोचले त्यानेच लिहावे. पुष्कळ घरांत सकाळी मुलगा टोचतो, संध्याकाळी सून. एखाद्या दिवशी मुलगा टोचून कामावर जातो, सुनेला वाटते आज गडबडीत राहिले दिसते, ती प्रेमाने पुन्हा टोचते. आजी बिचारी काही बोलत नाही, तिला वाटते डॉक्टरांनी वाढवले असेल. अशा वेळी चौकोनात 'स २०' च्या पुढे एक अक्षर असले, म्हणजे टोचणाऱ्याच्या नावाचे पहिले अक्षर, तर पुढचा सारा घोळ टळतो.

लिहिता-वाचता न येणाऱ्यांनी काय करावे? दोन वाट्या घ्या. रविवारी सकाळी डाव्या वाटीत चौदा चिंचोके टाका. प्रत्येक वेळी टोचून झाले की एक चिंचोका उजव्या वाटीत. बुधवारी सकाळचे झाले की दोन्हीकडे सात-सात असायला हवेत. नातवंडांचा हात लागणार नाही अशा फळीवर वाट्या ठेवा, एवढेच. एकदाच वापरायच्या सुया घेत असाल तर चौदा सुया मोजून डब्यात ठेवल्या तरी तेच काम होते. मोबाइलवाल्यांनी भरलेल्या सिरिंजचा किंवा पेनच्या आकड्याचा फोटो काढून न थांबता लगेच टोचावे. फोटोवर तारीख-वेळ आपोआप राहते. मोबाइलचा गजर मात्र फार भरवशाचा समजू नका. तो 'घ्या' म्हणून सांगतो, 'घेतले' म्हणून सांगत नाही. वाजला, बंद केला, आणि गेला.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्यांची अडचण मला या सगळ्यांत मोठी वाटते. तिथल्या कितीतरी कारखान्यांत औषधांचाच कच्चा माल तयार होतो, आणि तो तयार करणाऱ्या हातांना स्वतःच्या औषधाची वेळ सांभाळता येत नाही. एक आठवडा सकाळपाळी, एक दुपारपाळी, एक रात्रपाळी. सकाळपाळीत 'संध्याकाळचे' म्हणजे रात्री आठचे. रात्रपाळीत डबा खायचा मध्यरात्रीनंतर, म्हणजे तारीखच बदललेली. मग ते इन्सुलिन कालच्या चौकोनात लिहायचे की आजच्या? पाळी बदलण्याच्या दिवशी तर माणूस अठरा तासांत तीनदा जेवतो, किंवा एकदाच जेवून दिवसभर झोपतो. 'दिवसातून दोनदा' हे वाक्य अशा माणसाला पुरत नाही.

अशांनी दिनदर्शिकेऐवजी खिशातली लहान वही ठेवावी आणि घड्याळाऐवजी जेवणाला धरून लिहावे. 'कामावर जाण्याआधीचे जेवण, २०', 'डबा, १२', आणि पुढे खरी तारीख-वेळ. डॉक्टरांना पाळीचा तक्ता दाखवून तिन्ही पाळ्यांसाठी वेगवेगळे वेळापत्रक लिहून मागावे. पाळी बदलण्याच्या दिवसाचे चौथे. हे मागायला संकोच करू नये. आपण रात्रपाळी करतो हे सांगितलेच नाही, तर डॉक्टर सकाळ-संध्याकाळ असेच लिहून देणार. पेपर वाचून पाळी लावायचे काम त्यांचे नाही.

जव्हार, विक्रमगड, वाड्याकडचे बरेचजण बोईसरला खोली घेऊन राहतात आणि सुट्टीला गावी जातात. औषध खोलीवर आणि वही गावी, किंवा उलट, असे होऊ देऊ नका. बाटली, सिरिंजा, वही, साखरेची पुडी हे सारे एका पिशवीत, आणि पिशवी माणसाबरोबर. मोटारसायकलच्या डिकीत ती ठेवू नये, उन्हात डिकी तापते आणि औषध नासते. विरार-डहाणू लोकलने जाणाऱ्यांनी पिशवी वरच्या फळीवर न टाकता मांडीवर घ्यावी. सातपाटीच्या नाखवांना वेगळे सांगायला हवे. बोटीवरच्या बर्फाच्या खणात बाटली खुपसू नका. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी फुकट गेले, ते टाकून द्यावे.

आता हिशेबाची एक युक्ती. ही सगळ्यांनी करून पाहावी, कारण ती खोटे बोलत नाही. आपल्याकडे साधारण मिळणारी बाटली १० मिलिलिटरची असते आणि तिच्यावर ४० युनिट लिहिलेले असते, म्हणजे दर मिलिलिटरला ४० युनिट. पूर्ण बाटलीत झाले ४००. तुम्ही सकाळी २० आणि रात्री १२ घेत असाल, तर दिवसाला ३२. बारा दिवसांत ३८४ जातात, तेराव्या दिवशी सकाळी बाटली अपुरी पडली पाहिजे. हवेचे बुडबुडे काढताना थोडे सांडते, म्हणजे थोडी आधीच संपेल. ती जर सोळा दिवस पुरली, तर सोळा दिवसांचे ५१२ व्हायला हवे होते आणि गेले फक्त ४००. ११२ युनिट कुठे राहिले? साडेतीन दिवसांचे इन्सुलिन अंगात गेलेलेच नाही. उलट बाटली दहाव्या दिवशीच संपली तर कुणीतरी जास्त भरते आहे, किंवा दोनदा टोचले जाते आहे. बियाण्याची पिशवी किती गुंठ्यांना पुरली यावरून पेरणी दाट झाली की विरळ हे आपण ओळखतो, तसाच हा ताळा. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहावी, म्हणजे ताळाही करता येतो आणि मुदतही कळते. फोडलेली बाटली साधारण चार आठवड्यांपलीकडे वापरू नये, नेमकी मुदत आतल्या पत्रकात पाहावी. दिवसाला फक्त बारा युनिट घेणाऱ्याची बाटली तेहतीस दिवस पुरेल, पण शेवटचे थोडे त्याने टाकून द्यावे. जिवावर येते, ठाऊक आहे.

पेन वापरणाऱ्यांचा हिशेब निराळा. पेनमधल्या नळीत ३ मिलिलिटर औषध असते, पण ते १०० युनिटचे, म्हणजे ३०० युनिट. दरवेळी हवा काढायला दोन युनिट सोडायचे, तेही धरावे. आणि इथे एक इशारा. पेनमधले औषध बाटलीच्या, म्हणजे ४० युनिटच्या सिरिंजने कधीही ओढू नये. त्या सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत भरले तर अंगात ५० युनिट जातात, अडीच पट. ४० च्या सिरिंजचे टोपण बहुधा लाल असते आणि १०० च्या सिरिंजचे नारिंगी, पण रंगावर विसंबू नका, सिरिंजवरचा आणि बाटलीवरचा आकडा जुळवून पाहा. औषधाच्या दुकानात गर्दीच्या वेळी चुकीची हातात पडू शकते.

एवढे सगळे केल्यावरही काही चौकोन रिकामे राहणारच. आवणीच्या दिवसांत पहाटे शेतात गेलेली बाई दुपारी चिखलाच्या पायांनी घरी येते, तिचे सकाळचे राहिलेले असते. लग्नाच्या घरी, जागरणाला, होळीला राहते. आता घरातल्यांना माझे सांगणे आहे: रिकामा चौकोन पाहून तिच्यावर ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी चौकोन रिकामा दिसणार नाही. तो भरलेला असेल, आणि औषध मात्र घेतलेले नसेल.

हे मी उगाच म्हणत नाही. १९८४ साली अमेरिकेत मॅझे नावाच्या संशोधकांनी काही रुग्णांना साखर तपासण्याची यंत्रे दिली. ती यंत्रे प्रत्येक आकडा स्वतःच्या पोटात साठवून ठेवीत होती, पण रुग्णांना ते सांगितलेले नव्हते. रुग्णांच्या वह्या आणि यंत्रातले आकडे ताडून पाहिले तेव्हा कितीतरी ठिकाणी मेळ बसेना. वाईट आकडे गाळलेले, काही ठिकाणी तपासणी न करताच छान आकडे लिहिलेले. शिकलीसवरली माणसे ती. डॉक्टर रागावतील, बायको बोलेल, म्हणून माणूस वही सजवतो.

सजवलेल्या वहीचा परिणाम काय होतो ते नीट पाहा. समजा, एखादे काका आठवड्यातून तीन वेळा चुकतात, पण वहीत चौदाच्या चौदा खुणा करतात. साखर चढलेली. डॉक्टर वही पाहतात आणि त्यांना वाटते, एवढे घेऊनही उतरत नाही, म्हणजे डोस कमी पडतो. ते वीसाचे सव्वीस करतात. काका पुन्हा चुकतात, पुन्हा साखर चढते, सव्वीसाचे बत्तीस होतात. मग एक दिवस काका ताप येऊन दवाखान्यात राहतात, किंवा मुंबईची लेक महिनाभर येऊन राहते आणि घड्याळ लावून दोन्ही वेळा चोख टोचते. ज्या शरीराने बत्तीस युनिट रोज कधी पाहिलेच नाहीत, त्यात ते आता रोज जातात. तिसऱ्या रात्री काका अंथरुणात घामाघूम. लेकीला वाटते आपले काय चुकले? तिचे काहीच चुकलेले नसते. कागदावरचा डोस आणि अंगातला डोस यांत वर्षभर फरक पडत गेला, त्याचा झटका त्या रात्री बसला.

तेव्हा रिकामा चौकोन रिकामाच दाखवा. डॉक्टरांना त्यातून पुष्कळ कळते. संध्याकाळचे चौकोन जास्त रिकामे असतील तर ते वेळ बदलून देऊ शकतात, दोनऐवजी एकदाच घ्यायचे इन्सुलिन बसते का पाहू शकतात. पैशांअभावी राहिले असेल तर तेही लिहा, लाज कसली? काही सरकारी रुग्णालयांत इन्सुलिन मोफत मिळते, ग्रामीण रुग्णालयात किंवा आशाताईंकडे चौकशी करावी. जनऔषधी दुकानांतही भाव कमी पडतो.

चौकोनाच्या कोपऱ्यात एखादा शब्द टाकता आला तर उत्तम. 'उपास', 'ताप', 'आवणी', 'लग्न'. दिवसभर वाकून भात लावले की साखर एरवीपेक्षा खाली येते, तेच इन्सुलिन त्या दिवशी जास्त ठरू शकते. श्रावणात सोमवार करणाऱ्यांनी महिना लागण्यापूर्वीच डॉक्टरांना गाठावे. तापात, जुलाबात, जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने पुरते बंद करू नये, विशेषतः मुलांचे. आजारपणात साखर न खाताही चढते. अशा वेळी साखर अधिक वेळा तपासून किती घ्यायचे ते विचारून ठरवावे.

बहाडोलीच्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळाले, आनंदाची गोष्ट. पण जांभळाच्या बियांची पूड घेतो म्हणून इन्सुलिन सोडले, असे करू नका. पूड घेतच असाल तर तीही वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि घोलवडचे चिकू शेजाऱ्याने टोपलीभर आणून दिले तर तेही कोपऱ्यात लिहायला हरकत नाही. पुढच्या दिवशीचा आकडा पाहून दचकायला नको.

सुई कुठे टोचली याचीही नोंद हवी. एकाच जागी रोज टोचले की तिथे कातडीखाली गाठ होते, तिथे दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो, आणि त्या गाठीतून औषध कधी लवकर, कधी उशिरा अंगात भिनते. मग वही खरी असूनही आकडे वेडेवाकडे येतात. सोपी रीत अशी: सकाळचे पोटावर, रात्रीचे मांडीवर, विषम तारखेला डावीकडे, सम तारखेला उजवीकडे. प्रत्येक वेळी आदल्या जागेपासून बोटभर सरकून.

बाटली थंड ठेवण्याविषयी बरेच लिहिता येईल, ते पुन्हा कधीतरी. फ्रिज असेल तर खालच्या कप्प्यात किंवा दारात ठेवावी, बर्फाच्या खणात कधीही नाही. फ्रिज नसेल तर माठाची रीत चांगली आहे, पण आपला समुद्रकाठ दमट. विदर्भात माठ जितका गार होतो तितका केळवे-चिंचणीकडे होत नाही, पावसाळ्यात तर जवळजवळ नाहीच. म्हणून एका वेळी फार बाटल्या आणून ठेवू नयेत. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हा आपल्याकडे वीज गेली होती, हे आठवत असेल. वीज बराच वेळ गेली तर तीही त्या दिवसाच्या चौकोनात लिहा. पुढे साखर उगाच चढू लागली तर संशय बाटलीवर घेता येतो.

ज्यांना जुने दिवस आठवतात त्यांना ठाऊक असेल, काचेची सिरिंज पातेल्यात उकळावी लागे आणि बेनेडिक्टच्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून स्टोव्हवर नळी तापवावी लागे. निळे राहिले तर ठीक, मग हिरवे, पिवळे, नारिंगी, आणि विटकरी झाले की घाबरगुंडी. त्या काळच्या वह्यांत आकड्यांऐवजी रंगांची नावे असत. तरी त्या वह्या लोक ठेवीत. आज बोटाचा एक थेंब आणि काही सेकंद, एवढेच काम आहे.

दवाखान्यात जाताना दिनदर्शिकेचे पान सोबत न्यावे. मुंबईला दाखवायला जाणार असाल तर नक्कीच. तिथले डॉक्टर तुम्हाला ओळखत नाहीत, त्यांना पाचच मिनिटे मिळतात, आणि "नियमित घेतो हो" हे वाक्य ते दिवसातून पन्नासदा ऐकतात. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, जिला एचबीएवनसी म्हणतात, तिच्या शेजारी तीन महिन्यांची पाने ठेवली की बोलणे नेमके होते. एक जानेवारीला नवी दिनदर्शिका टांगाल तेव्हा जुनी पोरांच्या वह्यांना कव्हर घालायला देऊ नका. गुंडाळी करून रिपोर्टांच्या पिशवीत ठेवा. गेल्या आवणीत किती घेत होता, हे डॉक्टर जूनमध्ये विचारतील.